काठाकाठाने कोकण

कोकणात कधी गेलोच नाही, असे म्हणणारा पुण्या-मुंबईचा माणूस शोधून सापडायचा नाही. गणपतीपुळे झालेले असते, हर्णै-मुरुड झालेले असते, तारकर्लीला मासे खाऊन झालेले असतात. निम्म्या लोकांचे तर गावच तिकडचे. पण ‘गुहागरहून गणपतीपुळ्याला कोणत्या रस्त्याने गेलात?’ असे विचारून पाहा. ‘छे, ते वेगळ्या वर्षी, वेगळ्या ट्रिपला,’ हेच उत्तर येईल.

याचे कारण आपल्या डोक्यातला कोकणचा नकाशा फणीसारखा आहे. मुंबई-गोवा महामार्ग हा फणीचा कणा. माणगाव, महाड, खेड, चिपळूण, हातखंबा, कणकवली इथून समुद्राकडे फुटणारे फाटे हे तिचे दात. आपण कण्यावरून भरधाव येतो, एका दाताच्या टोकाला जाऊन दोन रात्री काढतो आणि त्याच दातावरून माघारी फिरतो. पुढच्या सुट्टीत दुसरा दात. या टोकांना एकमेकांशी जोडणारा रस्ता आहे हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. त्यावरून गाडी नेलेली नसते.

तो रस्ता म्हणजे रेवस ते रेडी. सरकारी कागदावर तो सागरी महामार्ग. ए. आर. अंतुले १९८० ते १९८२ या काळात मुख्यमंत्री होते, तेव्हापासून या महामार्गाचे नाव घेतले जात आहे. लांबी सुमारे पाचशे किलोमीटर. ‘महामार्ग’ हा शब्द ऐकून चार पदरी काही डोळ्यांसमोर आणू नका. पुष्कळ ठिकाणी समोरून एसटी आली तर आपल्याला कडेच्या गवतात उतरावे लागते आणि काही ठिकाणी रस्ता सरळ पाण्यात संपतो. पुढचा रस्ता खाडीपलीकडे सुरू होतो. मध्ये फेरीबोट.

हा रस्ता तुकड्यातुकड्यांनी झाला याला कोकणची ठेवणच जबाबदार. सह्याद्रीत उगवलेली नदी इथे जेमतेम काही कोस वाहून समुद्राला मिळते आणि मिळण्याआधी रुंद खाडी होते. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली. दर थोड्या अंतराने एक आडवी खाडी. त्यामुळे उत्तर-दक्षिण प्रवास पूर्वी समुद्रातून व्हायचा. भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जायची. बऱ्याच ठिकाणी ती धक्क्याला लागतच नसे. चाकरमानी ट्रंका-वळकट्यांसकट पडावात उतरत आणि पडाव त्यांना किनाऱ्याला नेई. पुढे महामार्ग झाला, एसटी वाडीवस्तीपर्यंत पोहोचली, बोटी बंद पडल्या. जी गावे दळणवळणाच्या मुख्य रांगेत होती ती फाट्याच्या टोकाला जाऊन बसली. काठाकाठाने जाताना आपण खरे तर त्या जुन्या बोटीचाच मार्ग धरतो, फक्त चाकांवरून.

आता मुद्द्याचे: खर्च. कोकण महाग झाले अशी तक्रार हल्ली सगळीकडे ऐकू येते. माझे मत असे की कोकणातला निम्मा खर्च घाईचा असतो. शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परतायचे म्हटले की शनिवारची खोली लागते आणि शनिवारची खोली सगळ्यांनाच हवी असते. आठ तास गाडी हाणून आलेल्या माणसाला एसी हवा, पोहण्याचा तलाव हवा, आल्याआल्या पुढ्यात ताट हवे. दोन दिवसांत ‘सगळे’ पाहायचे म्हणून बोटिंग, पॅरासेलिंग, स्कूटर एकदमच उरकायचे. हेच सोमवारी निघून सवडीने केले, रोज साठ-सत्तर किलोमीटरच्या वर जायचे नाही असे ठरवले, तर हिशेब बदलतो. या रस्त्यावर ताशी पंचवीस-तीसच्या पुढे सरासरी पडतच नाही. म्हणजे दिवसाचे गाडी चालवणे अडीच-तीन तासांचे. बाकीचा दिवस मोकळा.

पेट्रोलचे गणित सोपे आहे. जाताना काठाने आणि येताना महामार्गाने किंवा घाटाने, असे धरून साधारण हजार-अकराशे किलोमीटर होतात. लहान मोटार लिटरला अठरा देत असेल तर साठ लिटरच्या आसपास पेट्रोल लागेल. लिटरला शंभराहून थोडा अधिक भाव धरला तर सहा-साडेसहा हजार. चौघांत वाटले तर माणशी सोळाशे. मोटरसायकलवर दोघे असाल तर खर्च याहूनही खाली येतो. फेरीबोटीचे भाडे मोटारीला एका खाडीमागे दोनशेच्या आगेमागे, दुचाकीला त्याहून पुष्कळ कमी. भाऊच्या धक्क्यावरून मोटारीसकट मांडव्याला नेणारी रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. तासाभराचा प्रवास छान होतो, पण स्वस्तातल्या सहलीत मी ती धरणार नाही. वडखळवरून अलिबागला यावे. पुणेकरांनी ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धन गाठावे आणि रेवदंड्याचा तुकडा पुढच्या खेपेला ठेवावा.

मुक्कामाचा एक नियम पाळला तर पैसे वाचतात आणि झोपही लागते. ज्या गावाचे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे त्याच्या शेजारच्या गावात राहायचे. हरिहरेश्वराऐवजी शेखाडी, दापोलीच्या मुरुड-कर्द्याऐवजी केळशी किंवा आंजर्ले, गणपतीपुळ्याऐवजी मालगुंड, तारकर्लीऐवजी आचरा. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी या सगळ्या गावांत दिसते. गर्दी नसताना दोघांची साधी खोली हजार-पंधराशेच्या आसपास मिळून जाते. मात्र जेवायला किती माणसे आणि काय खाणार, हे सकाळीच सांगून ठेवायला हवे. घरची बाई बाजार करते तो सांगितलेल्या ताटांचाच. रात्री आठला जाऊन ‘मोदक मिळतील का?’ असे विचारणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही. माशांचेही तसेच. सुरमई, पापलेट यांचे भाव ऐकून जे डोळे फिरवतात त्यांनी बांगडा, तारली, बोंबील, सौंदाळे खावेत. आचऱ्याला खानावळीतल्या काकूंना तुम्ही घरी काय खाता असे विचारले तर म्हणाल्या, “सुरमय पावण्यांक, आमका बांगडोच.” कुळथाची पिठी, भात, तळलेला बांगडा आणि सोलकढी, याच्यापुढे जाऊन पैसे खर्च करावेत असे मला तरी वाटलेले नाही. जून-जुलैत समुद्रात मासेमारी बंद असते, तेव्हा ताजे समुद्री मासे मागण्यात अर्थ नाही.

वाट दाखवायला फोन असतोच, पण त्यातल्या बाई फार घाईच्या. मालवण असा पत्ता टाकलात की त्या निमूट महामार्गावर नेऊन घालतात, कारण त्यांना वेळ वाचवायचा असतो. त्यांना एकावेळी फक्त पुढचेच गाव सांगायचे. दिवेआगरहून श्रीवर्धन न म्हणता आधी भरडखोल म्हणायचे, मग शेखाडी, मग आरावी. एवढे केले की त्या वठणीवर येतात. कागदी नकाशा असेल तर उत्तमच. आणि तिठ्यावर थांबून माणसाला विचारणे हा या सहलीचा भागच आहे. तिथे खाडीवरची बोट बंद असल्याची बातमीही कळते, जी फोनला ठाऊक नसते.

घड्याळापेक्षा भरती-ओहोटी पाहावी. कोकणात याचे तोंडी गणित आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी पुळणीवर फिरायला जाल तर पाणी वरपर्यंत आलेले असेल. संध्याकाळी सहाला तीच पुळण मैदानाएवढी होते. हेदवीची बामणघळ ओहोटीला पाहणे म्हणजे कातळातली एक भेग पाहणे. भरतीला त्याच भेगेत लाट शिरते आणि पाण्याचा उंच फवारा उडतो. पाहणाऱ्यांनी मात्र अंतर राखावे, ती जागा घसरडी आहे.

रस्त्याचा पहिला भाग रेवदंड्याचा पूल ओलांडला की खुलतो. कोर्लई इथे डोंगरावर पोर्तुगीज किल्ला आणि पायथ्याशी ख्रिस्ती वस्ती. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली ‘नॉ लिंग’ नावाची बोली तिथली माणसे आजही घरात बोलतात. अलिबागला दर आठवड्याला जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे माहीत आहे? काशीदची गर्दी ओलांडून मुरुड-जंजिरा, तिथून आगरदांडा. इथे पहिली फेरी. पलीकडे दिघी.

दिवेआगर म्हटले की सोन्याचा गणपती आठवतो. १९९७ मध्ये बागेत खोदताना सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला आणि २०२१ मध्ये पुन्हा देवळात आला. पण या पट्ट्याची कथा मला सुपारीत दिसते. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला बाजारात नाव आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आले आणि एका दुपारी वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळ-सुपारीच्या बागेत कौलारू घर, हे आपल्या मनातले कोकणचे चित्र त्या दिवशी इथे अक्षरशः उघडे पडले. घरावर सावली उरली नाही. सुपारी लावल्यापासून पीक धरायला सहा-सात वर्षे जातात. म्हणजे वादळानंतर लावलेली झाडे आत्ता कुठे धरू लागली आहेत. वाडीतून चालत गेलात तर जुन्या उंच पोफळी आणि त्यांच्यामधली ठेंगणी नवी रोपे असा फरक लगेच दिसतो. पाहुण्यांसाठी खोल्या बांधण्याचे प्रमाण का वाढले, याचेही एक उत्तर त्या मोकळ्या जागांत आहे. पीक नव्हते तेव्हा खोल्यांचे भाडे हेच पीक होते. घासाघीस करताना हे लक्षात ठेवलेले बरे.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा तुकडा मात्र माझ्या मते सबंध पाचशे किलोमीटरांतला सर्वांत देखणा. रस्ता पाण्याला इतका लागून जातो की डावीकडे डोंगर, उजवीकडे खडक आणि लाटा, मध्ये तुम्ही. अंतर थोडके, पण याला अर्धा दिवस द्या. सकाळी जा, ऊन पाठीमागे डोंगरावर असते. श्रीवर्धन हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचे गाव. मग हरिहरेश्वर आणि बागमांडला.

बागमांडल्याहून वेश्वीला जाणारी फेरी सावित्रीची खाडी ओलांडते. ती बंद असेल तर म्हसळ्याकडे मागे जाऊन आंबेतच्या पुलावरून मंडणगड गाठावे लागते, दुपार जाते. फेरीत चढलात की खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब दिसतात. वर्षानुवर्षे ते तसेच उभे आहेत. गाडीतून उतरून कठड्याशी उभे राहिलेले सगळेच त्या खांबांकडे बघतात. बोटीवरच्या एका खलाशाला पूल कधी होणार असे विचारले, तर म्हणाला, “होईल तेव्हा होईल. आमची बोट तर रोज आहे.”

वेश्वीहून बाणकोट, मग वेळास. नाना फडणविसांचे गाव अशी वेळासची जुनी ओळख. नवी ओळख कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची घरटी वाचवण्याचे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन सुरू केले. साधारण फेब्रुवारी-मार्चनंतर पिल्ले समुद्रात सोडतात ते पाहायला लोक येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. हॉटेल न बांधता पर्यटन होते याचे इतके साधे उदाहरण दुसरे नाही. पुढे केळशी, आडे, पाडले, आंजर्ले. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती सगळ्यांना माहीत आहे. त्या कड्यावरून दिसणारा सुवर्णदुर्ग पाहायला पाच मिनिटे जास्त थांबावे. पूल झाल्यापासून खाडीपलीकडचे हर्णै जवळ आले आहे. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी माशांचा लिलाव चालतो. घ्यायचे नसेल तर मध्ये उभे राहू नये, एवढे पथ्य.

दापोलीला महर्षी कर्व्यांचे मुरुड, साने गुरुजींचे पालगड, कोकण कृषी विद्यापीठ अशा वाटा फुटतात. ज्याला जशी आवड. दाभोळ ते धोपावे ही फेरी २००३ पासून चालू आहे आणि सगळ्या फेऱ्यांत तिचे महत्त्व मोठे, कारण तिच्यावाचून दापोलीहून गुहागरला जायचे तर खेड-चिपळूण करत शंभराहून अधिक किलोमीटर होतात. शाळेची मुले, टोपल्या घेतलेल्या कोळणी, वरातीची गाडी, सिमेंटचा टेम्पो, आणि त्यांत आपण पर्यटक. आपल्याला ती गंमत, त्यांना तो रोजचा रस्ता. गुहागर, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी हा भाग चढ-उतारांचा. शेवटी तवसाळ, तिथून जयगडची फेरी. फेरीचा धक्का येण्याआधी तवसाळच्या उतारावर थांबून शास्त्रीची खाडी पाहावी.

जयगड ते रत्नागिरी. केशवसुतांचे मालगुंड, गर्दीचे गणपतीपुळे आणि त्यानंतर आरे-वारे. इथे रस्ता कड्यावर चढतो आणि खाली दोन पुळणी एकदम उघड्या होतात. फोटो काढायला वळणावर गाडी लावणारे बरेच असतात. तसे करू नका, थोडे पुढे जागा आहे. रत्नागिरीत टिळकांचे जन्मस्थान आणि थिबा राजवाडा पाहून पुढे निघावे, शहरात मुक्काम करण्यात बचत नाही.

रत्नागिरीच्या दक्षिणेला फेरीबोटी संपतात आणि कातळ सुरू होतो. पावस, पूर्णगड, गावखडीचे सुरूचे बन, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली. सड्यावर दिवाळीनंतर गवत पिवळे पडलेले असते आणि त्याच गवताखाली कातळशिल्पे आहेत. कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती इतका मोठा आहे की जवळ उभे राहून तो हत्ती आहे हे कळत नाही. कोकणातली ही शिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. गावातल्या कुणाला तरी बरोबर न्यावे, त्याचे पैसे द्यावेत आणि रेघांवर पाय देऊ नये.

जैतापूरहून विजयदुर्ग समुद्राने हाकेच्या अंतरावर. रस्ता मात्र वाघोटणच्या खाडीला भलामोठा वळसा घालतो. देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, आचरा, मालवण हा पट्टा बहुतेकांच्या ओळखीचा, म्हणून त्यात फार रमत नाही. वेंगुर्ल्यानंतरचा शेवटचा तुकडा मात्र सोडू नका. आरवलीच्या वेतोबाला लोक नवसाला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्याच्या चपला झिजतात, अशी समजूत. शिरोड्याला मिठागरे आहेत. १९३० चा मिठाचा सत्याग्रह इथे झाला आणि वि. स. खांडेकर याच गावच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत शिकवत होते. मग रेडी. पलीकडे तेरेखोल, म्हणजे गोवा.

गाडी नाही म्हणून हे सगळे वाचून सोडून द्यायचे कारण नाही. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास काढून ही सहल होते, किंबहुना सर्वांत स्वस्त तीच. महिलांना २०२३ पासून एसटीत निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना २०२२ पासून पूर्ण मोफत. त्यामुळे आजी, सून आणि नात अशी तिघींची सहल काढली तर सुटी तिकिटे काढून पाहावीत, पासाहून ती स्वस्त पडू शकतात. यात एकच गोष्ट कळायला हवी: वस्तीची गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावात येऊन मुक्काम करणारी आणि पहाटे परत निघणारी. या गाडीच्या वेळेवर बेत आखला की बाकीचे जमते. खाडीवर पायी प्रवाशाला तिकीट किरकोळ, आणि पलीकडे वडाप किंवा रिक्षा उभी असते. फक्त दुपारी दोन ते चार या वेळात कोकणात काहीही हलत नाही. तेवढ्यात देवळाच्या ओसरीवर आडवे व्हावे.

गाडीवाल्यांसाठी थोडे. पेट्रोल निम्म्यावर आले की भरावे, पंप फार नाहीत. रोख पैसे आणि सुटे ठेवावेत, कारण धक्क्यावर रेंज दगा देते. वळणावर हॉर्न वाजवावा, चढणाऱ्याला आधी जाऊ द्यावे, आणि एसटीच्या चालकाशी हुज्जत घालू नये, तो रोज याच रस्त्यावर असतो. पावसाळ्यानंतर खड्डे असतात. ते बुजेपर्यंत थांबायचे ठरवले तर निघणे होत नाही.

या सगळ्या खाड्यांवर आता पूल येणार आहेत. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड. सागरी महामार्गाच्या आराखड्यात त्यांची नावे आहेत. पूल नको असे म्हणण्याचा आपल्याला काही अधिकार नाही. रात्री फेरी बंद झाल्यावर दवाखान्यात न्यायचा रुग्ण धक्क्यावर अडकतो, त्या घरच्या माणसाला विचारावे फेरीबोट किती रम्य आहे ते. पूल झाले की हा रस्ता वेगवान होईल, गावागावांत शनिवारच्या खोल्या वाढतील आणि वर सांगितलेला हिशेब चुकायला लागेल.

तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी तुळशीची लग्ने आटोपल्यावर आणि नाताळची गर्दी सुरू होण्याआधी एखाद्या सोमवारी निघावे. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी ज्या घरी उतरणार असाल तिथे फोन करून बागमांडल्याची फेरी चालू आहे का, एवढे विचारून घ्यावे.